कै. मास्तर

मास्तर मशीनवर बसून एका पॅन्टची उंची कमी करत होते. तेवढ्यात शाळेच्या बाई दारात आल्या, त्यांच्याकडे बघून किंचाळल्या आणि चौकट धरून मटकन खाली बसल्या. मास्तर गावातले जुने शिंपी. बायका आपल्यावर ओरडल्या म्हणजे कपडा वेळेवर दिलेला नाही, एवढं त्यांना अनुभवाने कळत होतं.

"बाई, ब्लाउज शनिवारी नक्की," ते घाईघाईने म्हणाले.

"खड्ड्यात गेला तो ब्लाउज!" बाईंचा श्वास अजून जागेवर नव्हता. "तुम्ही गेलात ना हो? मी कापड परत मागायला आले होते. म्हटलं घरात कोण असेल, कुणाला विचारायचं..."

"मी कुठे गेलो?"

"वारलात! संग्रहालयात छापलंय तसं!"

गेले काही दिवस गिऱ्हाईक फिरकत नव्हतं हे खरं, पण त्यासाठी ते रेडीमेडवाल्यांच्या नावाने बोटं मोडत बसले होते. आपण मेल्यामुळे धंदा बसला असेल ही शंका कुणाला येणार! पॅन्ट सुईखाली तशीच टाकून ते उठले. गळ्यातला टेप काढायचंही त्यांना सुचलं नाही.

संग्रहालय नवं होतं आणि ते चालवायला आलेल्या ताईही गावाला नव्या होत्या. जुन्या टपाल कचेरीत वरच्या मजल्यावर त्यांनी गावातल्या कामकरी माणसांच्या वस्तू मांडायचं ठरवलं. लोकांनी हौसेने काय काय आणून दिलं: सुताराचा रंधा, दुधाची मापं, बंद पडलेल्या थिएटरातली तिकीटखिडकीची जाळी. मास्तरांनी आपली मोठी कैची दिली. घरात बायका जिला कात्री म्हणतात, ती शिंप्याच्या हातात आली की कैची होते. बोटांना आता तिचं वजन पेलत नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी ती शेजाऱ्याबरोबर पाठवली, आणि उद्घाटनाला नेमका ताप भरला म्हणून गेलेही नाहीत.

आज मात्र गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. मास्तर जिना चढून थेट काचेच्या पेटीसमोर उभे राहिले. कैची घासूनपुसून लख्ख केलेली होती. खाली पाटी होती: 'कै. मास्तर यांची कात्री. गावाच्या तीन पिढ्यांचे कपडे त्यांनी बेतले. त्यांच्या हाताला तोड नव्हती.'

मास्तरांनी ते तीनदा वाचलं. जिवंतपणी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं, पण त्यातला 'नव्हती' फार टोचला. आपण खरंच आहोत ना, म्हणून त्यांनी स्वतःचं मनगट दाबून पाहिलं.

"ही पाटी कुणी लिहिली?" ते ओरडले. "मास्तर मी आहे!"

ताई धावत आल्या. मग त्या आत जाऊन एक चिंधी घेऊन आल्या. "कैचीला हीच टाचलेली होती हो. अक्षर तुमचंच ना?"

अक्षर मास्तरांचंच होतं. शिवायला आलेल्या कपड्याला चिंधी टाचायची, तिच्यावर आधी कपडा लिहायचा आणि मग माणूस, तेही तोडकं, ही त्यांची जन्माची सवय. 'पॅ. वकील.' 'ब्ला. शाळेच्या बाई.' त्याच सवयीने त्यांनी लिहिलं होतं, 'कै. मास्तर.'

"कै. म्हणजे कैची हो! मास्तरची कैची!"

"अहो, पण सगळं जग त्याला कैलासवासी म्हणतं!" ताई रडकुंडीला आल्या. "आत्ताच्या आत्ता बदलते."

आपल्याच हाताने आपण मेलो हे लक्षात आल्यावर मास्तर ओशाळून हसणार होते. पण दारावरचे काका मध्येच बोलले.

"म्हणजे तुमचा मुलगा फुकटच रडला म्हणायचं."

"कोण?"

"पुलापलीकडचा, रेडीमेडवाला. पहिल्याच आठवड्यात आला होता. काचेला हात लावून उभा. मी हटकलं, तर म्हणाला, माझे वडील आहेत ते."

मास्तरांचं हसू तोंडातच राहिलं. हा त्यांचा एकुलता एक मुलगा. गाव त्याला छोटे मास्तर म्हणायचं. त्याने रेडीमेड कपड्यांचं दुकान काढायचं म्हटलं, तेव्हा मास्तरांनी त्याला भर रस्त्यात घालूनपाडून बोलून घराबाहेर काढलं होतं. मग त्याची आई गेली आणि मध्ये पडायला कुणी उरलं नाही. पण हा कधीतरी परत येईल, आपल्या हट्टाला कंटाळून का होईना, येईल, अशी आशा मास्तरांनी कुणाला न सांगता जपली होती. आणि बाप मेल्याचं वाचूनही त्याला घराकडे वळावंसं वाटलं नाही? त्यांना काका काय बोलतायत ते ऐकू येईना. मेल्याची पाटी वाचून जे झालं नव्हतं, ते आता झालं. आत काहीतरी तुटलं.

पूल त्यांनी कसा ओलांडला ते त्यांनाच ठाऊक नाही. मुलगा दुकानात शर्टांच्या घड्या घालत होता. बापाला बघून तो जागच्या जागी खिळला.

"मेलेल्या बापाचं तोंडही बघावंसं वाटलं नाही तुला?" मास्तर दारातूनच ओरडले. "एवढं दगडाचं काळीज?"

"आलो होतो, बाबा."

"खोटं बोलू नकोस!"

"वाचलं तसाच पळत आलो. वाटभर लोक बघत होते, मी रडत होतो. दारात आलो, तर तुम्ही आत मशीनवर. दोरा तुटला म्हणून मशीनला शिव्या घालत होतात." मुलाने हातातला शर्ट घट्ट धरला. "इतका आनंद झाला की उभं राहवेना. पण आत पाय टाकवेना. मागच्या मागे पळालो."

"अरे, का?"

"मेलेल्या बापासमोर यायचा धीर केला होता मी. तुम्ही जिवंत निघालात."

"मग?"

"मग भीती वाटली. तुमची."

आपण कडक आहोत, हट्टी आहोत, हे मास्तरांना मान्य होतं. त्याचा थोडा तोराही होता. पण आपल्या पोराला आपला मुडदा सोपा वाटावा? आधार शोधत ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मुलगा एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. आता बाप काय बोलतो, याची तो वाट बघत होता.

"पाणी दे रे," मास्तर म्हणाले, आणि एवढे शब्द बोलतानाही आवाज चढू नये म्हणून त्यांना फार जपावं लागलं.