'गेली' नावाची चौकट

ती घटना आजही आठवते, असे निवृत्त पोलीस अधिकारी म्हणू लागला की ऐकणारा खुनाच्या तयारीने सरसावून बसतो. त्याने खुशाल मागे टेकून बसावे. माझ्या घटनेतले हत्यार म्हणजे संगणकाचा माउस होता, आणि मुद्देमाल म्हणून तो जप्त करताना पंचांनाही हसू आवरत नव्हते.

रत्नागिरीत माझी नेमणूक होती. मिरकरवाड्यातल्या एका मच्छीमार संस्थेचे चेअरमन लेखी तक्रार घेऊन ठाण्यात आले. सोबत चार माणसे होती. चेअरमन एकटे कुठे जात नसत. मग त्यांचे बोलणे ऐकणार कोण?

"साहेब, आमचा संगणक हॅक झालाय. सरळ सरळ घातपात आहे!"

प्रकरण असे होते. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या बोटींची नोंद ठेवायला संस्थेने पुण्याच्या एका कंपनीकडून प्रोग्रॅम करून घेतला होता. प्रत्येक बोटीच्या नावापुढे एक चौकट. बोट बाहेर पडली की चौकटीत बरोबरची खूण करायची, परतली की काढायची. आदल्या दिवशी दुपारी वाऱ्याचा इशारा आला. बाहेरच्या बोटींना वायरलेसवर हाक द्यायची म्हणून पडद्यावर पाहिले, तर एकही खूण नाही. म्हणजे सगळ्या बोटी धक्क्याला! खिडकीतून रिकामा धक्का दिसत होता, पण संगणक आल्यापासून खिडकीला कोणी विचारत नव्हते. हाक गेलीच नाही.

बोटी हाकणाऱ्या जुन्या तांडेलांनी आभाळ बघून त्या वळवल्या. एक मात्र आली नाही. तिच्यावरच्या खलाशांच्या बायका ऑफिसात आल्या, तेव्हा चेअरमननी पडदा दाखवला. "बोट बंदरातच आहे. हे बघा."

"मग माणसं काय तुमच्या त्या डब्यात शोधू?" एकीने विचारले.

अंधार पडायच्या आत पूर्णगडाहून फोन आला. इंजिन बंद पडलेली ती बोट दुसऱ्या बोटीने ओढून तिथल्या खाडीत नेली होती. माणसे सुखरूप होती. पण नसती, तर? या एका प्रश्नामुळे मी तक्रार हसण्यावारी नेली नाही.

चेअरमनचा संशय ऑफिसातल्या कारकून मुलीवर होता. तिच्या संगणकात 'गुप्त प्रोग्रॅम' सापडला होता. तुम्ही गुन्हा दाखल करा, नोकरीवरून मी काढतो, अशी त्यांनी कामाची वाटणीही करून टाकली. अडचण एवढीच, की न आलेल्या बोटीचा तांडेल या मुलीचा सख्खा बाप होता. बापाची बोट पडद्यावरून पुसणारी पोर मला काही पटेना.

खबर दिली ती धक्क्यावर बर्फ फोडणाऱ्या एका माणसाने. आमच्या हवालदाराला त्याने बाजूला घेतले. "त्या हापिसात भुताटकी हाय. सकाळी बाण आपसूक फिरतो, खुणा करीत जातो. नि ती पोर पाठ करून दर्याला हात जोडून उभी!"

हवालदाराने हे मला हळू आवाजात सांगितले. भुताला कोणते कलम लागते, एवढीच त्याची शंका होती.

महिला शिपायासमोर मी मुलीचा जबाब घेतला.

"आपोआप खुणा करणारं ते काय आहे?"

"स्क्रिप्ट, साहेब. संगणकाला लिहून दिलेले हुकूम. मीच लिहिलेत. बोटी बाहेर पडल्या की मी ती चालू करते, मग प्रत्येक चौकटीवर आपोआप क्लिक होतं."

"काम वाचवायला?"

"क्लिक करणं असं काय मोठं काम आहे?"

"मग?"

मुरलेला गुन्हेगार अशा प्रश्नाला पोलिसाच्या तोंडाकडे बघून त्याला कितपत कळले आहे ते जोखतो. ही जमिनीकडे बघत होती.

"सांग गो बाय," शिपाई म्हणाली. "साहेब दिसतात तेवढे वाईट नाहीत."

"चौकटींच्या वर काय लिहिलंय, ते वाचलंत का साहेब?"

कंपनीने इंग्रजीवरून मराठी करताना तिथे ठळक अक्षरांत लिहिले होते : 'गेली'.

"बाबांच्या बोटीपुढं रोज सकाळी 'गेली' म्हणून खूण करू? माझ्या हातानं? आई त्यांना दारात 'जातो' पण म्हणू देत नाही. म्हणून मशीनला सांगितलं, तू कर. मी बघतसुद्धा नाही. संध्याकाळी खुणा काढते, त्या मात्र एकेक करून, हातानं."

शिपाई टेबलावरची फाइल उगाचच सारखी करू लागली.

तपास सायबर शाखेच्या अंमलदाराने पुढे नेला. त्याने स्क्रिप्ट चालवून पाहिली. "ही आंधळी आहे, सर. आधी खूण आहे की नाही, बघत नाही. रिकाम्या चौकटीवर क्लिक केलं की खूण येते, भरलेल्या चौकटीवर केलं की जाते." म्हणजे त्या सकाळी हिच्याआधी कोणीतरी सगळ्या खुणा करून ठेवल्या होत्या. कोणी?

उत्तर संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. त्या सकाळचा फोटो : मागे पाहुणे, खुर्चीत चेअरमन, गळ्यात हार, हात माउसवर, पडद्यावर सगळ्या चौकटी भरलेल्या. खाली त्यांचेच शब्द, 'स्वहस्ते डिजिटल नोंदीचा शुभारंभ'. नोंद कधीचीच सुरू होती, शुभारंभ पाहुणे मिळाल्यावर झाला. मग ते पाहुण्यांना धक्का दाखवायला घेऊन गेले. मुलगी आली, तिने रोजच्यासारखी स्क्रिप्ट चालू केली, पाठ फिरवली. पुन्हा वळणार तोच बाहेरून हाक आली : पाहुण्यांच्या चहाचं बघ! चहामागून जेवण आले, आणि दुपारी इशारा आला तेव्हा ती ऑफिसात नव्हतीच.

मी फोटो चेअरमनपुढे ठेवला. "घातपात करणाऱ्याचा चेहरा स्पष्ट आलाय."

त्यांनी चष्मा पुसून फोटो जवळ धरला. "हार छान दिसतोय," हवालदार मदतीच्या भावनेने म्हणाला.

तक्रार 'गैरसमजातून' मागे घेतली गेली. मुलीची नोकरी राहिली. तिलाही मी बजावले, यंत्राला काम सांगून पाठ फिरवायची नाही. बाप समुद्रात असताना तर नाहीच. तिने माझ्यासमोर स्क्रिप्ट पुसली.

राहिला तो शब्द. आमच्या स्टेशन डायरीत ड्युटीवर निघालेल्यापुढे 'रवाना' लिहितात, म्हणून मी तोच सुचवला. "नको साहेब, पार्सल वाटतं," ती म्हणाली. आता चौकटींवर 'येते' असे आहे. कंपनीने बदलाचे कारण लेखी मागितले. 'कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने आवश्यक', असे मी लिहून दिले. पुन्हा विचारणा आली नाही.

चौकशीत 'तू काय केलंस' हे आम्ही सगळेच विचारतो. 'तुला काय करवलं नाही' हेही विचारावे, हे मला त्या मुलीने शिकवले.

काही दिवसांनी तिचा बाप ठाण्यात आला, हातात पिशवी.

"हे चालत नाही," मी म्हणालो. "लाच होते."

"लाच नाय ओ साहेब, बांगडे हायत."

बांगडे परत दिले. तो जरा हिरमुसला, मग हसला, नमस्कार करून उठला. मी कागदातून मान वर न करता म्हणालो, "बरं, जा आता."

मान वर केली, तर तांडेल, हवालदार आणि शिपाई, तिघेही माझ्याकडे बघत उभे.

"या," मी म्हणालो. "या आता."

"येतो साहेब," तांडेल म्हणाला, आणि दर्याच्या वाटेला लागला.