मागच्या भिंतीचं खिंडार

वीसेक वर्षं झाली, मी हाच अभ्यास करून राहिली. वस्त्या कशा वसाव्या, बायांले रस्त्यात भेव कावून वाटते, माणसाले एखादी जागा आपली कधी वाटते. आता थकली, बाप्पा! सेमिनारमध्ये कोणी 'आपलेपणा' म्हटलं का मले जांभई येते.

त्यातलं एक काम भिलाईतलंच, हुडको कॉलनीतलं. बाबा कारखान्यातून रिटायर झाले तवापासून आई तिथं राहते, मी स्मृति नगरात. आईच्या घरामागं कॉलनीची भिंत, तिच्यात माणूस जाईल एवढं खिंडार, अन् पलीकडे बस्ती. मी आठ दिवस, दहा ते पाच, खुर्ची टाकून बसली अन् येणारे-जाणारे मोजले. कोणीच नाही म्हटलं तरी चालते. रिपोर्टात लिहिलं: निर्जन, असुरक्षित, बंद करावं. कॉलनीच्या समितीनं महिन्याभरात विटा लावल्या. माही इतक्या लवकर अमलात आलेली शिफारस ही एकच.

अन् मी कोण, तर पाळीवाल्याची पोरगी! पहिल्या पाळीचा डबा गेला का पहाटे साडेपाचाले बायांचा दिवस मोकळा होते, हे मले कोणी शिकवावं? त्याच वेळेस आई खिंडारातून बस्तीतल्या मावशीकडे जाये, हे मले विटा लागल्यावर कळलं. मावशी तिच्याच गावाकडची, भंडाऱ्याची. रोजचा चहा तिथंच. दहा वाजता बाया सैपाकात, रातपाळीवाले झोपेत. अन् मी ऑफिसातल्या बाबूसारखी दहाले हजर. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

"मले सांगितलं कावून नाही?" मी आईवरच चिडली.

"तू एवढी शिकलेली. मले वाटलं, तुले ठाऊक असन."

खिंडार उघडा म्हणून अर्ज घेऊन समितीकडे गेली. अध्यक्षानं माहाच रिपोर्ट पुढ्यात सरकवला. "मॅडम, आपने ही तो लिखा है।" अर्ज उचलला. तशीच परत आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईले हाताले धरून मोठ्या रस्त्यानं फिरून मावशीकडे न्यायले निघाली. ट्रका धडधडत जात होत्या. वळणापाशी ती गुडघा धरून थांबली.

"राहू दे वो. तिले फोन लावून दे."

मावशीले फोनवर ऐकू येत नाही, हे आम्हा दोघींलेही ठाऊक होतं. मी लावला. रस्त्याच्या कडेले उभी राहून आई ओरडून राहिली होती, "चाय झाली का वो? चाय!"