आईची नक्कल

तिसऱ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नांदेडहून लातूरच्या एसटीत बसलो. मी आणि माझी रूममेट. ती हिमायतनगरकडची, म्हणजे तिची वाट नेमकी उलटी. पण हुरडा खायला येते म्हणून सप्टेंबरपासून माझ्या मागे लागली होती. आमचं गाव रेणापूरच्या पुढे, आडवळणाला. गाडीत सगळ्या वाटेनं आम्ही हसत होतो. पेपरात काय लिहिलं, मेसची भाजी, वॉर्डन बाईंची चाल. नक्कल करण्यात ती पटाईत होती. खरं म्हणजे मीही होते.

पहिल्या वर्षी मला हॉस्टेलवर कुणीच नव्हतं. मेसमध्ये ताट घेऊन कुठं बसावं हेसुद्धा कळायचं नाही. दुसऱ्या वर्षी हिच्या खोलीत आले आणि एका संध्याकाळी गप्पांत मी आईची गोष्ट सांगितली. आठवीत लग्न झालेल्या माझ्या आईनं अडतिसाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. घरात मला आणि वडिलांना तेवढं माहीत. बाकीचे विषय निघाले, गणित दोनदा राहिलं. परीक्षेला लातूरला जाताना गावात सांगायचं काय? एकदा बहिणीचं बाळंतपण सांगितलं, दुसऱ्यांदा तिचं ऑपरेशन.

सांगता सांगता मी आई करून दाखवली. पदर कानामागं खोचून, ओळीखाली बोट ठेवून ती मोठ्यानं गणित वाचायची.

"क्ष म्हंजे कोन गं?"

"जी संख्या माहीत नाही ती."

"माहीतच न्हाई तर बारसं कशाला केलं त्याचं?"

रूममेट पोट धरून हसली. शेजारच्या खोलीतल्या मुलींना बोलावून आणलं. "परत कर ना, परत." मी परत केली. त्यानंतर सगळ्या मजल्यावर मला ओळखायला लागले. जेवायला कुणी ना कुणी हाक मारायचं.

घरी पोचल्यावर आईनं तिचं फार केलं. थंडी कडक होती. आईनं तिला स्वतःची शाल दिली, चुलीवर पाणी तापवून दिलं. मैत्रीण तिला मावशी म्हणायची. दोघी अंगणात बसून शेंगा फोडत बोलत होत्या, आणि मला वाटत होतं, हे सेमिस्टर वाया गेलं नाही. मार्कांचं काही का होईना, एक माणूस मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी शेतात आगटी पेटवून दिली आणि ते पाणी द्यायला खालच्या वावरात गेले. ज्वारी नेमकी दुधात होती. चुलती आली होती, लातूरला शिकणारी तिची मुलगी आली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळायची आणि गरम गरम तोंडात टाकायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. मैत्रिणीचे हात काळे झाले होते, नाकालाही काजळी लागली होती. त्या अवतारात तिचे फोटो काढता काढता माझी चुलत बहीण म्हणाली, "ताई, तुमचा व्हिडिओ बघितला की मी! तुमच्या कॉलेजच्या पेजवर हाय. दुसरा नंबर आला न्हवं?"

युवक महोत्सवात मैत्रिणीला एकपात्रीचं दुसरं बक्षीस मिळालं होतं. मी तेव्हा तापानं घरी होते. परत गेल्यावर तिनं मला पेढा भरवला होता. विषय काय होता विचारलं तर म्हणाली, "असंच गं, गावाकडचं."

आता ती म्हणाली, "राहू दे गं, नंतर बघू." पण बहिणीनं तोवर मोबाइल दह्याच्या गाडग्याला टेकवून लावलासुद्धा होता.

ती स्टेजवर आली. डोक्यावर पदर. खाली बसली, पदर कानामागं खोचला, ओळीखाली बोट ठेवलं. माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. चुलती पहिल्यांदा हसली. आईही कौतुकानं बघत होती, आपल्या घरी आलेल्या पोरीचं काम म्हणून. मग ते बारशाचं वाक्य आलं. मोबाइलमधलं सगळं सभागृह हसलं आणि आईचं कणीस चोळणं थांबलं.

पुढं बाळंतपण आलं, ऑपरेशन आलं. "बहिणीचं ऑपरेशन हाय," असं म्हणून स्टेजवरची बाई पिशवीतलं गणिताचं पुस्तक लपवत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

चुलती हसायची थांबली. आईकडं वळून म्हणाली, "म्हंजे ते ऑपरेशन... मी नारळ दिला होता की गं तुझ्याजवळ. बहिणीला बरं वाटू दे म्हणून."

"हाव, अक्का," आई म्हणाली. "न्हवतं कायबी झालं तिला."

बहिणीनं मोबाइल उचलून बंद केला. मैत्रीण निखाऱ्याकडं बघत बसली होती. आईनं हातातले दाणे द्रोणात टाकले, हात झटकले आणि तिला म्हणाली, "आवाज बरोबर काढलास, बाई." मग माझ्याकडं बघितलं. "ही तर मला कालच भेटली. शिकली कुनाकडनं?"

मी निखाऱ्यात आणखी एक कणीस खुपसलं.

दुपारी मी मैत्रिणीला रेणापूरच्या स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागायची होती.

"तुला मी आपली समजून सांगितलं होतं."

"नाव कुठं घेतलं मी? कुणाला कळणार होतं?"

"माझ्या आईला कळलं."

मग तिलाही राग आला. "तू खोलीत करायचीस तेव्हा सगळा मजला हसायचा. तेव्हा आई न्हवती का तुझी?"

"मग मला का सांगितलं नाहीस? मी विचारलं होतं विषय काय म्हणून."

"तू नको म्हणाली असतीस," ती हळूच म्हणाली. गाडी आली. आईनं बांधून दिलेली चटणी आणि भाकरी तिच्या मांडीवर होती. ती नेऊ की नको, असं तिनं मला विचारलं. मी म्हणाले, "आईनं दिलीय, ने."

सुट्टीचे उरलेले दिवस मी घरातच काढले. बहिणीनं लातूरला चल म्हणून फोन केला, सिनेमा बघू, फिरू. मी गेले नाही. आईनं मला एकदाही बोल लावला नाही. बोलली असती तर सोपं झालं असतं. चुलती दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आली आणि कापसाच्या वेचणीचं बोलली. तिलाही आईनं फसवलं होतंच. गणिताचं पुस्तक कपाटाच्या वर नेहमीच्या जागी होतं, पण मी घरात असताना आईनं ते खाली काढलं नाही. एका दुपारी मीच म्हणाले, "आई, बसू या का थोडा वेळ? समीकरणं घेऊ."

"नगं," ती म्हणाली. "तुझी सुट्टी हाय. आराम कर."

मैत्रिणीनं मला फसवलं, हे मी अजूनही म्हणते आणि ते खरंच आहे. पण तिला फसवायला जे लागलं ते सगळं माझ्याच हातून गेलं होतं. मेसमध्ये शेजारी कुणी बसावं म्हणून मी आईला उचलून दिलं होतं, आणि तेही हसत हसत.

जानेवारीत नांदेडला परतले. खोली बदलून मागितली, जागा नव्हती. जी माफी मागायची होती ती तिनं पहिल्याच दिवशी मागितली, पेजवरचा व्हिडिओही काढायला लावला. आम्ही आता वेळापत्रकाचं बोलतो, पाण्याच्या टाकीचं बोलतो. तिनं कधी गावाकडचं काही सांगायला सुरुवात केली तर मी उठून जाते.

आईचा फोन रोज येतो. पूर्वी ती सगळं सांगायची. कोण काय म्हणालं, कुणाशी भांडण झालं, वडील कशावरून रुसले. आता आधी विचारते, "एकटीच हायस का?" मी हो म्हणते. खरंच एकटी असते, गच्चीत उभी असते.

"बरं," आई म्हणते, "जेवलीस का?"

मी जेवले म्हणते. मग ती फोन ठेवते.