सासऱ्यांच्या बंदुकीतलं डुक्कर

बोईसरच्या कारखान्यात मी पाइप आणि व्हॉल्व्हची देखभाल करतो. त्यामुळे जगातला कुठलाही गंज आपल्याला उतरवता येतो, असा माझा पक्का समज आहे. सासऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना नव्याने करायचा होता आणि बंदूक साफ करून आणा असा कचेरीतून निरोप आला होता. सामानाची पिशवी घेऊन मी लगेच माकुणसारला, सासरी हजर.

सासरे काही खूश दिसले नाहीत. "ऱ्हाऊ द्या, जावय. हाय तशीच नेतो."

तशी म्हणजे लालभडक, घोडा जाम, नळीच्या तोंडावर कोळ्याचं घर. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कुणाला हात लावू दिला नव्हता.

गावात त्यांना 'डुक्करमार' म्हणतात. मी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा चहाच्या आधी मला डुक्कर ऐकवलं गेलं. वाडीत रानडुक्कर घुसलं. यांनी घाईघाईने दारू ओतली, बोळ्याला चिंधी मिळेना म्हणून सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला, गोळीवर तो ठासला आणि एकच बार! डुक्कर किंचाळत ओढ्यापलीकडे गेलं ते तिकडेच मेलं. दरवर्षी ते थोडं वाढतं. यंदा रेडकाएवढं झालं होतं.

रॉकेल आणि पॉलिश पेपरने मी दुपारपर्यंत नळी बाहेरून चकचकीत केली. मग आतून पुसायला गज घातला, तर तो तळाच्या चार बोटं अलीकडेच अडला.

"भरलेली आहे!" असं ओरडून मी विहिरीच्या कठड्याआड जाऊन बसलो. आमच्या कारखान्यात याला सुरक्षित अंतर म्हणतात. सासरे मात्र ओटीवरून हलले नाहीत.

आतली दारू भिजावी म्हणून नळीत पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला स्क्रू बसवून हळूहळू ओढलं. आधी आली हिरव्या लुगड्याची चिंधी, मागून गोळी, शेवटी काळा चिखल.

मी चिंधी त्यांच्यापुढे धरली.

"चाप वडला होता मी," सासरे हळूच म्हणाले. "फुसका निगाला. डुकरानं माज्याकडं बगितलं आन् गेलं निगून. पोरीला नका सांगू."

मला हसू फुटत होतं आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटत होतं. त्या एका बारावर माणूस अख्खा जन्म जगला होता. मी गोळी खिशात टाकली आणि चिंधी चुलीत.

ओल्या नळीला पुन्हा गंज धरू नये म्हणून मी शेवटी आमचा घरचा उपाय केला. आम्ही समुद्राकाठचे, होडीच्या लाकडाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल चोपडतो. तेच बंदुकीला आतून-बाहेरून चोपडलं. सकाळी ओटीवर सात मांजरं होती.

पालघरच्या कचेरीबाहेर आणखी दोन मांजरं आमच्या मागे रांगेत लागली. रांगेत माकुणसारचेच चार-पाच परवानेवाले होते. साहेबांनी नाकाला रुमाल लावून बंदूक बघितली आणि विचारलं, "हिच्यानं कधी जनावर मारलंय? रानडुक्कर वगैरे? बिनपरवानगी मारलं असेल तर गुन्हा आहे."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, गावकऱ्यांकडे बघितलं. कपाळाला घाम आला होता. मग मान खाली घालून ते म्हणाले, "नाय सायेब. एक पन नाय. बारच नाय उडाला कदी."

साहेबांनी शिक्का मारला.

बाहेर येताच गावकऱ्यांनी त्यांना घेरलं. एकाने पाठीवर थाप मारली. "काय तोंड केलंत हो! सायबाला खरंच वाटलं. शाबास, डुक्करमार!"

सासरे माझ्याकडे बघत राहिले. सगळे टाळ्या वाजवत होते; मी खिशातली गोळी मुठीत घट्ट धरली होती, म्हणून माझ्या टाळ्या तेवढ्या राहून गेल्या.