पिठाचा डबा आणि फोरट्रान

बुधवारी सकाळी किन्हीराजा गावी माझी मावशी वारली. त्या दिवसापासून तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, दादाने, लोकांची घरं तपासणं सोडलं.

तोवर माणसाच्या तोंडच्या शब्दावर दादाइतका अविश्वास ठेवणारा दुसरा कुणी साऱ्या मुलखात नसेल. पुण्याला एका संस्थेच्या कॉम्प्युटर विभागात त्याची नोकरी. खोलीभर पसरलेल्या त्या यंत्राचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते, आणि किती कामं चालू, किती जागा मोकळी, हे ती स्वतःच एका फाइलीत लिहीत असते, असं तो सांगे. ती फाइल वाचणारा प्रोग्रॅम दादाने फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. "यंत्राले इचाराचं काम नाही. त्यानं लिहून ठेवलेलं वाचाचं." हाच नियम त्याने माणसांना लावला. आमच्याकडे आला की जयभीम म्हणता म्हणता रांजणात डोकावे, कंदील हलवून तेल पाही, माझ्या चपलेचा तळ बघून म्हणे, "मास्तर, पाय ओढून चालून राह्यला तू. गुडघा दुखते ना?" दुखत असे. एकदा स्वतःसाठी मुलगी पाहायला गेला आणि चहाच्या आधी त्यांचा साखरेचा डबा उघडून बसला. ती सोयरीक तिथेच संपली.

मावशी एकटी राहायची. पुण्याला चल म्हटलं की तिचं एकच, "मले काय झालं? बरी हाओ मी." मग दादा पिठाचा डबा उघडायचा.

"काहून डब्यात तोंड घालतं रे? मले इचार ना!"

"तू खोटं बोलतं, माय. डबा नाही बोलत."

शेवटच्या खेपेला डबा काठोकाठ भरलेला होता. दादा खूश झाला. तिला पुण्याला न्यायचं ठरवूनच आला होता, पण विषय न काढताच परतला. पुढच्या महिन्यात ती गेली. शेजारीण रडत म्हणाली, "घास उतरत नव्हता बाईले. दळण आणलं ते तसंच राह्यलं."

दादा मला म्हणाला, "काम बंद पडलं तरी फाइलीत जागा मोकळीच दिसते, मास्तर, अन् वाचणाऱ्याले वाटते सारं बरं चाललं. मले ठावं होतं हे."

आता सुटीत तो आमच्याकडे उतरतो. ताटावर बसला की घरातल्या एकेकाला विचारतो, काय खाल्लं, किती खाल्लं. उत्तर आल्याशिवाय स्वतः घास घेत नाही. मावशीच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. ती त्याने अजून मागितलेली नाही.