न आलेल्या मेलची तक्रार

"एकही चांगला मेल अडणार नाही, मॅडम. झीरो," असं म्हणून सेल्समनने पुढची स्लाइड लावली. तिच्यावर निळा रोबो ढाल घेऊन उभा होता. आमचे डायरेक्टर सबनीस साहेब त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसे बघत होते.

डायलिसिस मशिनचे सुटे भाग बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मी आयटी सांभाळते. खोटे मेल फार वाढले होते, म्हणून स्पॅम फिल्टर घ्यायचं ठरलं. फिल्टर दोन प्रकारे चुकतो. नको तो मेल आत सोडतो, किंवा हवा तो अडवतो. पहिली चूक लगेच दिसते. दुसरी दिसत नाही, कारण न आलेल्या मेलची तक्रार कोण करणार? म्हणून मी म्हटलं, आधी ट्रायल घेऊ. दोन फिल्टर आपल्याच मेलवर चालवू. त्यांनी अडवायचं काही नाही, नुसती खूण करायची.

"अहो, त्यांच्याकडे एआय आहे," साहेब म्हणाले. "त्याला आपण काय तपासणार?"

ट्रायल न घेताच त्याचा फिल्टर चालू झाला, तोही सगळ्यात कडक सेटिंगवर. इनबॉक्स ओस पडले. साहेब खूश. अडवलेले मेल जिथे साठतात त्याला क्वारंटाइन म्हणतात. ते बघायचे अधिकार विक्रेत्याने स्वतःकडेच ठेवले होते. मी मागितले, तर 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर यायचं.

मग साताऱ्याकडच्या एका डायलिसिस सेंटरमधून टेक्निशियन बाईंचा फोन आला. आमच्या सेन्सरचा अलार्म वाजत नव्हता. त्यांनी फोटोसकट पुन्हा पुन्हा मेल केले होते. शेवटी मशिन बंद ठेवून पेशंटना दुसरीकडे पाठवावं लागलं.

"तुमच्याकडे मेल वाचतं का कोणी?" त्यांनी शांतपणे विचारलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सर्व्हिसची माणसं तिकडे पाठवली आणि सेल्समनला बोलावलं. हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या घालत तो उशिरा उगवला. साहेबांसमोर त्याला क्वारंटाइन उघडायला लावलं. बाईंचे सगळे मेल तिथेच होते. मराठी मजकूर, सोबत फोटो आणि विषयात 'तातडीचे'. एआयला स्पॅम ठरवायला तेवढं पुरलं. सेल्समनच्या कंपनीची दिवाळी ऑफर मात्र सगळ्यांना व्यवस्थित पोचली होती.

"कस्टमरना इंग्रजीत लिहायला सांगा ना," तो म्हणाला.

"सांगते. आणि पेशंटना इंग्रजीत आजारी पडायला."

साहेबांनी बाईंचे मेल एकेक करून वाचले. मग म्हणाले, ट्रायल घ्या.

ट्रायलमध्ये जो पास झाला तो फिल्टरही चुकायचा. पण काय काय अडवलं, ते रोज सकाळी ज्याचं त्याला कळवायचा. तोच घेतला. सेंटरचा सेन्सर बदलून दिला, साहेबांनी स्वतः फोन करून बाईंची माफी मागितली. पुढे बोर्ड मीटिंगमध्ये ट्रायलची कल्पना साहेबांचीच निघाली. निघू दे.

फिल्टर काय अडवतो, हे विकणारा न विचारता सांगतो. अडवलेलं आपल्याला कोण दाखवणार, ते आपण विचारायचं. आमची चूक होतच नाही म्हणणाऱ्याने ती झाकायची सोय आधीच केलेली असते.