पिकपची तार

दुसरी जागतिक लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न एका कर्ण्यावर अडलं. नवरदेवाचे काका मोठे जमीनदार. त्यांनी कुठंतरी लाऊडस्पीकरवर गाणी ऐकली आणि भर बैठकीत जाहीर केलं, "तबकडीचं गाणं वाजल्याबिगर नवरदेव जानोशाबाहेर पाय ठेवणार न्हाई." जानोसा म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागा. देणंघेणं, मानपान सगळं आधीच ठरलं होतं. पण वरपक्षाची हौस कधी फिटत नाही, ती नुसती वाढते.

लग्नाच्या दोन दिवस आधी हिंगोलीहून कर्णेवाला बैलगाडीतून जवळा बाजारजवळच्या आमच्या गावी आला. नवरदेवाचं झालं नसतं एवढं त्याचं स्वागत झालं. पण गाडीच्या हिसक्यांनी पिकपमधली तार तुटली होती. पिकप म्हणजे तबकडीवर सुई टेकवणारी मुंडी. तिच्या पोटात केसाहून बारीक तारेची गुंडाळी असते आणि गाणं तिच्यातूनच कर्ण्यात जातं. "नवी गुंडाळावी लागंल. त्याचा माणूस हैदराबादेत हाय," कर्णेवाला म्हणाला. तोवर मुहूर्त टळला असता. बहिणीचं आधीचं एक स्थळ मोडलेलं. हेही मोडलं असतं तर गावानं तिलाच पांढऱ्या पायाची ठरवलं असतं.

मुंडी घेऊन मी औंढ्याला गेलो. घड्याळवाल्यानं भिंगातून बघितलं, हात जोडले आणि सोनाराकडे बोट दाखवलं. सोनार म्हातारा. "तारेला काहून भिऊन राहिले? जन्म गेला माझा तार वढण्यात," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं गुंडाळी हातात दिली. काळपट तार आता घासलेल्या तांब्याच्या गडव्यासारखी लख्ख झाली होती. "एवढी घाण तार कुणी वापरते का? निखाऱ्यावर तापवली, चिंचेच्या पाण्यात टाकली, मंग गुंडाळली. आमच्या हातून काळं काम जात न्हाई." मीही बावळट, कौतुकानं मान डोलावली.

ती चमक बघून कर्णेवाला मटकन खाली बसला. "आवो, त्या काळ्या लेपातच सगळं व्हतं! आता उघडी तार तारेला भिडून राहिली, वीज मधूनच पळंल. गाणं आतल्या आतच मरंल." मला सोनाराचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

लग्नाच्या सकाळी काका जानोशाच्या ओट्यावर ठाण मांडून बसले. वडील डोक्याचा पटका त्यांच्या पायावर ठेवायला निघाले. तेवढ्यात आमच्या घरून रुखवत निघालं. रुखवताच्या गाण्यांतून वरपक्षाची खोड मोडायचा हक्क त्या दिवशी बायकांना असतोच, आणि त्यात माझी आत्या पंचक्रोशीत नावाजलेली. तिनं माईककडे बोट दाखवून कर्णेवाल्याला विचारलं, "काहून रे, यात बोललं तं वाजते का?"

"बोललं तं वाजते मावशी. तबकडीच वाजत न्हाई."

"मंग गाडी जुप."

बॅटऱ्या आणि कर्ण्यासकट गाडी जानोशासमोर उभी राहिली. आत्यानं माईक धरला आणि गाणं सुरू केलं. नवरदेवाला मिशा फुटल्या तरी काकाचं बोट सुटेना. काकाला सून नको, गाण्याची पेटी पाहिजे. मग पेटीलाच हळद लावा अन् तिच्याच हातची भाकर खा! मागून बाकीच्या बायकांचा गलका. पलीकडच्या गावची माणसं बांधावर येऊन ऐकू लागली. नवरदेव हसू दाबता दाबता खोकू लागला. दुसऱ्या गाण्यात आत्या काकांच्या कोर्टात चाललेल्या जमिनीच्या खटल्यावर येते आहे हे ध्यानात येताच काका ताडकन उठले.

"बाई, बंद करा ते! निघून राहिलो आमी."

नवरदेव मुहूर्ताच्या आधी मांडवात हजर झाला. वऱ्हाडाची अशी घाई आमच्या गावानं पुन्हा पाहिली नाही.

पुढं सासरी कुणी बहिणीवर आवाज चढवला की सासूच दार लोटून घ्यायची. "हळू बोला, हिची आत्या जित्ती हाय," म्हणायची. बहीण हे सांगून खदखदून हसायची. आत्या गेली, त्याच वर्षी बहीण पहिल्यांदा रडत माहेरी आली.